गाऊनवाली

सोमवारी सिव्हिलमधून यादी मिळते.
सतरा नावं, कधी एकवीस.
वर छापलेलं असतं: संपर्क तुटलेले रुग्ण.
मी तिची चौघडी करून
पिशवीच्या तळाशी ठेवते,
कारण चुंचाळ्यात मी दवाखान्याची बाई नाही,
गाऊनवाली आहे.

सुरुवातीला पिशवी नुसतं सोंग होतं.
तीन गाऊन, वर्षभर तेच.
मग शेजारणी भाव करू लागल्या,
पुढून चेनचा नाही का, बाळंतिणीला लागतो.
आता रविवार कारंजावरून डझनाने उचलते.
उधारीची वही वेगळी आहे,
त्या वहीत सगळ्यांची नावं खरी.

दारात म्हणते, ताई, माप बदलायचं होतं ना?
आतल्या बाईला कळतं.
कधी ती कडी लावून घेते.
कधी चहाचं आधण ठेवते
आणि लेकीला दुधाला पिटाळते.
मग आमच्याजवळ दुकानापर्यंत जाऊन येण्याएवढा
वेळ असतो.

एकाला इथे भिकन म्हणते.
आडगाव नाक्यावर ट्रकच्या सावलीत पडलेला,
दोन महिने गोळी नाही.
का रे बाबा?
डबी वाजते, म्हणाला.
क्लीनर विचारतो, काय खुळखुळतंय?

वाटेत मी केवढं भाषण जुळवलं होतं,
आणि माणूस एका आवाजाला भ्यायला होता.
पिशवीतला एक गाऊन, कोरा, जांभळ्या फुलांचा,
दातानं फाडला.
चिंधी डबीत कोंबली, कानाशी हलवून दाखवली.
दोनशे वीस रुपयांचं नुकसान.
वहीत लिहिलं नाही.

माझ्या माणसाला शोधत कुणी आलं नव्हतं.
तेव्हा अशी यादी होती का, ठाऊक नाही.
मी अकरा वर्षं घेतेय,
रात्री नऊला, ताट झाकून ठेवल्यावर.

मागच्या थंडीत माल कमी आला.
तीसऐवजी सात गोळ्या,
कागदाच्या पुडीत, फुटाण्यासारख्या.
पिंपळगावची एक (तिला रंभा म्हणू)
द्राक्षांच्या पॅकिंगला जाते.
दर सातव्या दिवशी सिव्हिल म्हणजे खाडा,
दोन खाडे झाले की मुकादम दुसरी आणतो.
ती म्हणाली, आक्का, घडाला एसीची गाडी आहे,
मला एसटीपुरती रजा नाही.

आम्ही कलेक्टर कचेरीत गेलो, चाळीसजण.
निम्म्या बायांनी तोंडाला स्कार्फ बांधलेले,
उन्हाचे म्हणून,
जानेवारीत.
साहेबांनी कागद पुढे ओढला. निवेदन कुणाच्या नावाने?
सगळे माझ्याकडे बघू लागले.
मी, जिने अख्ख्या नाशकाची नावं
गाऊनखाली दडवली.

सिंधू मुरलीधर पगारे, म्हटलं.
जीभ टाळ्याला चिकटली होती.
त्यांनी सिंधूतला धू ऱ्हस्व काढला.
दीर्घ आहे साहेब, म्हटलं, दुरुस्त करा.
त्यांनी पेन थांबवून एकदा वर पाहिलं.
केला दीर्घ.

रंभाला आता नव्वद मिळतात. सगळ्यांना नाही.
काऊंटरवरची नवी मुलगी अजून
चिमटीत कोपरा धरून कार्ड घेते.
तिच्याशी बोलायचंय. एकदा बोलले, रडली ती.

भिकनचा रिपोर्ट आला परवा.
विषाणू: सापडला नाही.
मी तीनदा वाचलं.
हेच दोन शब्द माझ्या अक्षरात
किती जणांच्या नावापुढे आहेत.
घराला कुलूप. सापडला नाही.
भाडेकरू बदलले. सापडली नाही.
त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला,
म्हणजे चांगलं का वाईट?
चांगलं रे, म्हटलं, चांगलं.
मागे हॉर्न वाजत होता.

आज यादीत एकोणीस.
चुंचाळ्याच्या बोळात शिरले तोच वरून हाक,
ए गाऊनवाली, डबल एक्सेल आणलास का?
आणलाय, म्हणते,
आणि हात तळाशी नेते.
कागद आहे. गाऊन त्याच्यावर.